कावळ्यापुढे कबूल केलेली फेलोशिप

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी फक्त एका कावळ्याला घाबरतो.

चारचौघांत हे सांगितलं की लोक खो खो हसतात. हसू देत! भर मे महिन्यात, सगळी गल्ली दारं लावून झोपलेली असताना, त्यांच्या खिडकीच्या काचेवर कुणी 'टक टक' करून, जरा थांबून, पुन्हा एकदा 'टक' केलेलं नाही. माझ्या काचेवर केलंय. आणि ती टकटक माझ्या ओळखीची होती, हीच सगळी भानगड.

पण आधी घरची माणसं सांगतो. मी सोलापुरात विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. घरात मला सगळे तात्या म्हणतात आणि घराण्यातला शिकलेला माणूस समजतात, कारण मी बारावी पास आहे. (कितव्या खेपेला, ते कुणी विचारत नाही.) माझे थोरले बंधू, दादा, करमाळ्याजवळ गावी शेती बघतात. त्यांची मुलगी प्राजक्ता शिक्षणासाठी आमच्याकडे राहायची. एम.एस्सी. पहिल्या वर्गात झाली, आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "तात्या, मला मेंदूवर संशोधन करायचंय."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"तुम्ही घाबरू नका," माझी बायको सुनंदा भाकरी वाढत म्हणाली, "ज्यांना असतो त्यांच्या."

हे खूळ प्राजक्ताच्या डोक्यात आलं ते आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर शेरडं-मेंढरं राखली. काही बोलायचं असलं की आधी हातातली काठी बाजेच्या लाकडावर आपटायची, ही त्यांची सवय. 'टक टक' म्हणजे गप्प बसा. जरा थांबून 'टक' म्हणजे आता ऐका. शेवटच्या वर्षी त्यांची एकेक आठवण उठून जायला लागली. मला ते 'पाव्हणं' म्हणायचे आणि आग्रह करकरून चहा पाजायचे. (मुलगा होतो तोवर कधी विचारला नव्हता!) आणि दुपारी बाराचं ऊन डोक्यावर आलं की ते समोरच्या रिकाम्या बाजेशी बोलायला लागायचे.

"ये, बस की. ऊन लई हाय भाईर."

प्राजक्ता सुट्टीत गेली की शेजारी बसून विचारायची, "आबा, कोण आलंय?"

"ह्यो काय, धोंडिबा. माजा भाऊ. हितंच बसलाय न्हाय का!"

धोंडिबा चुलते माझ्या जन्माआधीच वारले होते. आम्ही बाकीचे त्या बाजेला वळसा घालून जायचो. प्राजक्ता मात्र म्हणायची, "त्यांना जरा सरकायला सांगा आबा, मला टेकायचंय." मग आबा हातानं खूण करायचे, आणि खरं सांगतो, ती बाज करकरायची. पोरगी अजून बसलेली नसायची! (सुनंदा म्हणते, उन्हानं लाकूड वाजतं. वाजत असेल.)

एकदा डोकं जागेवर असताना आबांनी तिचा हात धरला. "पोरी, ह्या डोस्क्यात काय बिगाडलंय ते तू शिक. मंग मला सांग." ती शिकायला बाहेर पडायच्या आतच आबा गेले.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडला आणि आम्ही सगळे लांब उभे राहिलो. बाभळीवर कावळे भरपूर होते. शिवायला मात्र एकही येईना. इच्छा राहिलीय म्हटल्यावर एकेकजण पुढे होऊन कबूल करायला लागला.

"आबा, जमिनीची वाटणी करत न्हाय!" दादा म्हणाले. कावळे ढिम्म.

"आबा, तुमची काळी शेरडी इकत न्हाय!" माझी बहीण, प्राजक्ताची आत्या, म्हणाली. एका कावळ्यानं पंख खाजवला.

तंबाखूची पुडी ठेवून झाली. धोंडिबांचं नाव घेऊन झालं. ऊन चढायला लागलं. मी उघडाबंब, डोक्याचा गोटा केलेला, पोटात सकाळपासून चहाचा घोट नाही. गुरुजी घड्याळ बघत होते. शेवटी माझा तोल सुटला. मी पुढे झालो, हात जोडले आणि ओरडलो, "आबा, प्राजक्ताला मेंदूच्या शिक्षणाला फेलोशिप मी मिळवून देतो! तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत माझी जबाबदारी! आता तरी शिवा!"

बाभळीवरचे कावळे हलले नाहीत. पण आमच्या पाठीमागून, कुठून कोण जाणे, एक कावळा सरळ खाली आला. पिंडाशेजारी बसला. आधी त्यानं मला नीट बघून घेतलं, आणि मगच चोच मारली.

 वारा पडला होता. मग गावातले एक म्हातारबाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, आता तू अडाकलास बाबा."

फेलोशिप हा शब्द मी प्राजक्ताच्या तोंडून नुसता ऐकला होता; ती म्हणजे काय, हे मला परतीच्या एसटीत समजलं. माझी समजूत अशी की एक ऑफिस असेल, तिथे एक ओळखीचा साहेब असेल, त्याला चहा पाजला की काम झालं. प्राजक्ता कपाळाला हात लावून म्हणाली, "तात्या, असं नसतं. सरकारी फेलोशिपला परीक्षा आहे, संस्थांच्या आपापल्या योजना आहेत, परदेशात विद्यापीठं आहेत, खासगी ट्रस्ट आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे, मुदत वेगळी. नुसतं शोधण्यातच लोकांची वर्षं जातात. तुम्ही बोललात कशाला?"

"भूक लागली होती!"

ती बिचारी एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि उरलेल्या वेळात परीक्षेचा अभ्यास करायची. तेव्हा असं ठरलं की मी शोधायचं आणि तिनं अर्ज भरायचा. मी मान डोलावली आणि नंतर सोयीस्करपणे विसरून गेलो. विसरणं आमच्या रक्तातच आहे.

मग ती दुपार आली. मी दुकान बंद करून जेवायला घरी आलो होतो. जेवून खिडकीशेजारच्या पलंगावर आडवा झालो, डोळा लागतोय न लागतोय, तोच... टक टक. आणि जरा थांबून, टक.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. उन्हाळ्यात सोलापूरकराच्या अंगावर काटा येणं सोपं नाही! डोळे उघडले. गजांच्या आत, काचेला चोच लावून, कावळा. मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होता. मानेवर एक पांढरं पीस. मी किंचाळलो. सुनंदा लाटणं घेऊन धावत आली.

"हाच तो! दहाव्याचा! ते पांढरं पीस बघ!"

"करमाळ्याचा कावळा सोलापुरात कसा येईल हो?"

"माझ्या मागोमाग!"

"यस्टीनं? अर्ध्या तिकिटात?" सुनंदा म्हणाली. पण म्हणताना तिनंही पदर डोक्यावर घेतला, हे मी पाहिलं.

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. दुपारी लॅपटॉप घेऊन खिडकीत बसायचो आणि शोधायचो. मेंदूसाठी पैसे देणारे लोक जगात पुष्कळ आहेत हो! पण एक फेलोशिप होती आधीच डॉक्टरेट झालेल्यांना. एक होती मुलं झाल्यावर पुन्हा संशोधनात येणाऱ्या आयांना. (मी प्राजक्तासाठी दोन्ही कामं लवकर उरकता येतील का, याचा विचार केला.) एक फक्त अशा देशातल्या लोकांना, जिथे बर्फाशिवाय काही पिकत नाही. एकानं आधी फी भरा म्हटलं, तेव्हा प्राजक्तानं लॅपटॉपच माझ्या हातून ओढून घेतला. "तात्या, खरी फेलोशिप आपल्याला पैसे देते. आपल्याकडे मागणारा चोर!"

शिफारसपत्रं लागतात म्हटल्यावर मी ती जबाबदारीही अंगावर घेतली. शाल-नारळ घेऊन गेलो आणि ओळखीच्या एका पुढाऱ्याकडून पत्र आणलं: 'सदर कन्या होतकरू असून तिचा मेंदू चांगला आहे.' प्राजक्तानं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे आपल्या प्राध्यापकबाईंना फोन लावला.

आणि कावळा? तो रोज बाराच्या सुमाराला यायचा. मी काम करत असलो की गजावर गप्प बसून राहायचा. मी कंटाळून लॅपटॉप मिटला की... टक टक. टक! एकदा मी चिडून मुद्दाम क्रिकेट लावलं. त्यानं काच फोडायचीच बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी पक्ष्यांच्या मेंदूवर संशोधन करणाऱ्यांसाठी एक ग्रँट सापडली. उत्सुकतेनं उघडली, तर पहिल्याच ओळीत लिहिलेलं: कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. मी सावकाश मान वर केली. तोही पडद्याकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी हेल्मेट घालून बसायला लागलो. घरात, पंख्याखाली, हेल्मेटची काच खाली ओढून! शेजारच्या काकू विचारत आल्या, "तात्या, कुठं निघालाय?" मी म्हटलं, "कुठं नाही, फेलोशिप शोधतोय." त्या निमूट परत गेल्या. आणि कावळा? त्यानं मला हेल्मेटमध्येही ओळखलं. उलट मी हेल्मेट काढून ज्या बाजूला ठेवायचो, त्या बाजूच्या गजावर तो आता माझ्या आधीच येऊन बसायला लागला.

शेवटी प्राजक्तानंच मला समोर बसवलं. "तात्या, दहाव्याला तुम्ही चष्मा घातला होता?"

"नाही. उघडा होतो."

"मग पांढरं पीस दिसलं कसं? तुम्हाला समोरची आत्या दिसली नसेल. इथला कावळा बघितला आणि तिथल्या कावळ्याला तुमच्या डोक्यानं पीस चिकटवलं. आठवणीचं असंच असतं, दर वेळी नव्यानं रंगवली जाते. आता काचेला उन्हासाठी काळी फिल्म कुणी लावली?"

"मी."

"बाहेरून तिच्यात आरशासारखं दिसतं. तो स्वतःलाच चोच मारतोय. आणि तुम्हाला दाढा नसल्यामुळे कडक भाकरीची कडा चावत नाही, ती रोज दुपारी कुठे ठेवता?"

"खिडकीत," मी पुटपुटलो.

"म्हणजे तुम्हीच त्याला बाराला बोलावता! आणि लॅपटॉप चालू असतानाही तो टकटक करतो. तेव्हा तुमचं लक्ष नसतं, म्हणून ती मोजली जात नाही."

मला सगळं पटलं. अगदी शंभर टक्के पटलं. मी भाकरीची कडा खिडकीत ठेवायचं बंद केलं आणि ताणून दिली. बरोबर बाराला, टक टक. जरा थांबून, टक.

"सवय मोडायला वेळ लागतो," प्राजक्ता म्हणाली. पण या वेळी ती खिडकीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

असं करता करता एक फेलोशिप खरोखर सापडली. परदेशातली एक संस्था, विषय म्हातारपण आणि स्मृती, एम.एस्सी. झालेले चालतील, वयात बसतंय, राहण्याजेवणाचाही खर्च तेच करणार! प्राजक्तानं महिनाभर खपून प्रस्ताव लिहिला. काही आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं, लॅपटॉपवरच. सरकारी परीक्षेत ती थोडक्यात हुकली होती. दादांची स्थळं बघायची घाई चालली होती. ही संधी गेली असती तर पोरगी गावी जाऊन लग्नाला उभी राहिली असती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. 

मुलाखतीची वेळ होती दुपारी बारा! आमची भर दुपार आणि पॅनेलवरच्या मुख्य बाईंची मध्यरात्र. बाकीचे दोघे आणखी कुठेकुठे उजेडात होते, पण त्या बाई जागरण करून बसल्या होत्या. पडद्यावर पांढरे केस, एक दिवा आणि मागे काळीकुट्ट खिडकी. भुतांच्या दोन्ही वेळा एकमेकींसमोर बसलेल्या बघून मी दारापर्यंत मागे सरकलो.

"तात्या, आज कावळ्याचं काही नको. हात जोडते," प्राजक्तानं बजावलं होतं. मी बाहेर पहाऱ्याला बसलो. सुनंदाकडून दहीभाताचं ताट करून घेतलं होतं. तो आला की गच्चीकडे वळवायचा, असा माझा बेत.

तो गच्चीवर आला नाही. आतून आवाज आला. टक टक. टक. प्राजक्ताच्या पाठीमागच्या खिडकीत!

आत ती इंग्रजीत सफाईनं बोलत होती, आणि मध्येच अडखळली. मला राहवेना. मी हेल्मेट चढवलं, ताट हातात घेतलं, आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून गुडघ्यांवर रांगत खोलीत शिरलो. भिंतीकडेनं, पलंगाखालून, पडद्याआडून खिडकी गाठली आणि हळूच हात वर करून काच सरकवली, ताट गजाशी नेलं. "आबा," मी कुजबुजलो, "पाया पडतो. पोरीची मुलाखत चाललीय. जेवा आणि जावा."

 मी मान वळवली. लॅपटॉपवरचे तिन्ही चेहरे माझ्याकडे बघत होते.

"तुमच्या मागे कुणी आहे का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं; एवढं मला समजलं. मध्यरात्रीच्या त्या अंधारातून आलेला प्रश्न ऐकून मला वाटलं, त्या माझ्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल विचारतायत.

मी उठून उभा राहिलो. हेल्मेट, बनियन, लुंगी, हातात दहीभात. नमस्कार करायला हात जोडले, तर ताट वाकडं झालं. प्राजक्तानं डोळे मिटून घेतले. संपलं! कावळ्यापुढे दिलेला शब्द मी कावळ्यासाठीच मोडला होता.

"हे माझे काका," ती इंग्रजीत म्हणाली. "खिडकीत कावळा आहे. काकांना वाटतं, ते माझे आजोबा आहेत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काही विचारलं, आणि प्राजक्तानं मला मराठीत सांगितलं, "तुम्हाला खरंच तसं वाटतं का, असं विचारतायत."

"वाटत नाही म्हणावं," मी म्हणालो. "पण ते नाहीत, असंही म्हणवत नाही."

तिनं ते त्यांना सांगितलं. मग पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून ती बोलायला लागली. तिनं नंतर मला अर्थ सांगितला, पण मला तेव्हाच कळलं होतं. आबा रिकाम्या बाजेवर माणूस बघायचे, त्यांना आजार होता. तात्या कावळ्यात आबा बघतात, त्यांना आजार नाही. त्यांना फक्त आबा हवे आहेत. मग रिकाम्या जागेत माणूस बसवणारं हे डोक्यात नेमकं काय आहे? आबांनी विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलंय.

आबा गेल्यावर मी रडलो नव्हतो. सगळी व्यवस्था बघायची होती, मंडप, पाहुणे, गुरुजी. ती रडण्याची थकबाकी मी त्या दिवशी हेल्मेटच्या आत फेडली. बाहेरून कुणाला काही दिसलं नाही, हा हेल्मेटचा एक फायदा.

आणि ती "उत्तर द्यायचं राहिलंय" म्हणाली, त्या क्षणी कावळ्यानं गजांतून चोच घातली आणि दहीभात उचलला. बाईंच्या हातातलं पेन थांबलं. इकडे दुपार, तिकडे मध्यरात्र, आणि मधे तो एकटा शांतपणे जेवत होता.

फेलोशिप मिळाली. दादांनी स्थळं परत पाठवली. प्राजक्ता गेली. मी काचेवरची फिल्म सोलून काढली, नव्या दाढा बसवून घेतल्या, आता भाकरीच्या कडाही मीच खातो. कावळा यायचा थांबला. गावी जाऊन मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "दिलेला शब्द पुरा केला!" म्हातारबाबा म्हणाले, "शिक्षान पुरं हुईपतूर म्हनला हुतास तू."

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "तात्या, काम मस्त चाललंय. पण इथले सगळे म्हणतात, पीएच.डी. म्हणजे नुसती सुरुवात. पुढे पोस्टडॉक, त्याची फेलोशिप पुन्हा वेगळी शोधायची. मग स्वतःची प्रयोगशाळा, तिला ग्रँट. मेंदूचं शिक्षण काही पुरं होत नाही बघा!"

फोन ठेवला. भर दुपार होती. खिडकीत फिल्म नव्हती, भाकरी नव्हती, आणि गजावर कुणीही बसलेलं नव्हतं, हे मी चष्मा घालून दोनदा बघून घेतलं.

टक टक.

जरा थांबून, टक.

"उघडतो आबा, उघडतो!" मी म्हणालो, आणि डोक्यावर हेल्मेट चढवून लॅपटॉप उघडला.